'झाला'च्या आधीचा श्वास

३ सप्टेंबर

आत्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. फोनमध्ये आवाजाचं डोकं आणि पाय कापले जातात, नुसतं धड पोचतं, असं तू म्हणतेस. असेल. पण टपाल रमतगमत येतं आणि मला उत्तर लवकर हवं आहे.

विचारायचं ते आधीच विचारते. इथे एका बँकेच्या तळघरात छोटं सभागृह आहे. शंभरेक खुर्च्या, खालून पाण्याच्या पंपाचा आवाज येतो. तिथल्या व्यवस्थापकाने मला एका निरोप समारंभात गाताना ऐकलं आणि एक संध्याकाळ देऊ केली. माझ्या नावाने, पाटीवर दुसरं कुणी नाही. ऑक्टोबर संपायच्या आत हो किंवा नाही सांगायचं आहे. मी गाऊ का?

गातेच आहेस की, असं म्हणशील. काय गाते ते तुला नीट कधी सांगितलं नाही. जाहिराती आणि कोरस हे खरं आहे, पण पोट चालतं ते डमीवर. नवं गाणं तयार झालं की मोठ्या गायकाला ते शिकायला कुणीतरी आधी गाऊन ठेवावं लागतं. ती मी. ज्याचं गाणं, त्याच्यासारखी गाते, म्हणजे त्याला आपला अंगरखा घातल्यासारखं सोपं जातं. तो येतो, ऐकतो, त्याच सुरावटीवर स्वतः गातो आणि माझं पुसून टाकतात. कुणासाठी गाते हे सांगायला बंदी आहे. तशी सही केली आहे. वीसेक आवाज मला येतात. रेकॉर्डिस्ट म्हणतो, तू म्हणजे आवाजांचं भाड्याचं कपाट. त्याला आम्ही कापूस म्हणतो, काम संपलं की तो कानात बोळे घालून फिरतो.

मी गाव सोडलं तेव्हा तू जिन्यात म्हणाली होतीस की माझ्या गळ्याला सगळी कामं येतात, पण त्याचं स्वतःचं काम कुठलं ते अजून दिसलेलं नाही. ते मला अजून टोचतं. आता दिसतं का ते विचारायचं आहे. आणि आवाज मोठा होतो तो कशाने, हेही. मला वाटतं न घाबरण्याने. तो खाणीत काम करणारा गायक, ज्याची तू नेहमी चेष्टा करतेस, तो गातो तेव्हा आपण वाईट दिसू याची त्याला फिकीरच नसते. मला असते.

गोड बोलू नकोस. तुला जमतही नाही.

बारकी

१२ सप्टेंबर

बारके,

तब्येत विचारली नाहीस हे बरं केलंस. विचारली असतीस तर सांगावी लागली असती.

आवाज कशाने मोठा होतो हे मला माहीत असतं तर मी सगळी उमर शाळेत मुलींना सरळ उभं राहायला शिकवत बसले नसते. कशाने होत नाही तेवढं सांगते. उंचीने होत नाही. वर जाणारे पुष्कळ, लिफ्टही वर जाते. गोडव्याने होत नाही, त्याने फक्त मुंग्या येतात. आणि सुरात असणं म्हणजे वेळेवर कामाला येणं. त्यासाठी कुणाचा सत्कार करत नाहीत.

मी लहान असताना गिरणीच्या हॉलमध्ये एक नामांकित गवई आला होता. त्याचा एक सूर चुकला नाही. दुःखाचं गाणं आलं की मान डावीकडे, आनंदाचं आलं की उजवीकडे. तुझी आजी बाहेर पडताना म्हणाली, आपण नसतो आलो तरी त्याचं काही अडलं नसतं. आजीला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण इतकं नेमकं परीक्षण मी त्यानंतर वाचलेलं नाही.

तुझा खाणवाला. फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज. न घाबरणं हा गुण असता तर आमच्या गल्लीतला कुत्रा महान गायक ठरला असता.

मला विचारशील तर मोठी गायिका एकच, बाई. हजारदा ऐकवलं तुला, पालथ्या घड्यावर पाणी. बाईंचा आवाज सुंदर नाही. खालच्या पट्टीत किंचित फाटतो. पण त्या ते फाटलेलं लपवत नाहीत आणि मिरवतही नाहीत. आपल्या घरातली एखादी तुटकी पायरी कशी आपण न बघता ओलांडतो, तशा त्या त्यावरून जातात. दोन वर्षं झाली, नवं गाणं नाही. आजारी आहेत म्हणतात. मी रेडिओ लावून ठेवते. खालचा औषधवाला म्हणतो, तुमचा रेडिओ बंद पडला तर मी डॉक्टरला घेऊनच वर येईन.

आता तुझं. सहा वर्षांची असताना तू मुख्याध्यापिकेचा आवाज काढायचीस, तिच्या दाराच्या बिजागरीचाही काढायचीस. हुबेहूब. पण तुला कुणी म्हटलं, आता तुझ्या आवाजात गा, की रडायचीस. त्या संध्याकाळची घाई करू नकोस. लोक अंगरखा बघायला येत नाहीत, आत कुणी आहे का ते बघायला येतात.

तुझे ते भाड्याचे कपडे पुसून टाकतात हे वाचून मात्र मला बरं वाटलं नाही. ते का, ते सांगता येणार नाही.

आत्या

२१ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र ट्रॅममध्ये वाचलं आणि दोन थांबे पुढे गेले. बिजागरीचं तुला आठवतं. मी रडायचे तेही आठवतं. मग मला गप्प बसवायला तू म्हणायचीस, बरं, बिजागरीच काढ, हेही आठवत असेल.

रागावलेली नाही. नुसतं चैन पडत नाही. बसले की उठावंसं वाटतं, गाते तेव्हा घसा बघावासा वाटतो. घरमालकीण म्हणाली, तुम्ही खोलीत किती चालता, खाली छत हलतं.

काल एक डमी गायले. सर्दी होती. संगीतकार परगावी, स्टुडिओ संध्याकाळपर्यंतच मिळाला होता. गाणं चांगलं आहे, फार चांगलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एक लांब ओळ आहे, ती "आता उशीर झाला" या शब्दांवर संपते. ओळ एका दमात घ्यायची. मला दम पुरला नाही. "उशीर"ला संपला. मी "झाला"च्या आधी श्वास घेतला, चोरून, आणि "झाला" खालीच पडला, गाणं सोडून बोलल्यासारखा. मी कापसाला म्हटलं, पुन्हा घेऊ. त्याने घड्याळ दाखवलं. बाहेर पुढची मंडळी ढोल घेऊन उभी होती. तो म्हणाला, असू दे, पुसायचंच आहे ना.

ते ऐकून मी बाहेर आले आणि मला वाटलं, ह्या वाक्यासाठी लोक कामं सोडतात.

व्यवस्थापकाने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, घरी विचारते. त्याने माझ्या वयाकडे बघितलं.

बारकी

८ ऑक्टोबर

बारके,

रेडिओ लाव. नसेल तर दुकानात जाऊन ऐक. बाईंचं नवं गाणं आलं आहे.

मी स्वयंपाकघरात उभी होते. निवेदिकेने नाव घेतलं, मी गॅस बंद केला. पहिलं कडवं नेहमीसारखं, म्हणजे आपल्यासारख्यांना सात जन्मांत जमणार नाही असं. दुसरं कडवं आलं. त्यात एक लांब ओळ आहे. बाई ती ओढत नेतात, आणि शेवटच्या शब्दाच्या आधी थांबतात. श्वास घेतात. मग तो शब्द गातच नाहीत, नुसता ठेवतात. टेबलावर किल्ली ठेवावी तसा.

मी खुर्चीवर बसले. ह्या वयात, आजारातून उठून, त्यांनी गाणं थांबवायचं धाडस केलं. हेच ते, बारके. आवाज कशाने मोठा होतो विचारत होतीस ना. तिथे ऐक. जो श्वास आपण मुलींना लपवायला शिकवतो, तो बाईंनी उघड्यावर आणला आणि सगळं गाणं त्याच्यावर उभं केलं.

हे मी तुला शिकवू शकले नाही, कारण मलाच येत नव्हतं. ऐक आणि शीक. माझ्या तिन्ही विद्यार्थिनींना ऐकवलं. एकीने विचारलं, बाईंना दम लागला का? तिला घरी पाठवली.

आत्या

१२ ऑक्टोबर

आत्या,

तू ते किती वेळा ऐकलंस? त्या श्वासाबद्दल पुन्हा लिही. "झाला" कसा येतो, वरून की खालून, त्यात हवा जास्त आहे की सूर. इतर कुठे असं काही आहे का. एकूण एक लिही. का, ते विचारू नकोस.

व्यवस्थापकाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तो आता जिन्यात भेटला की वर न बघता किल्ल्या मोजतो.

बारकी

१९ ऑक्टोबर

बारके,

विचारू नकोस म्हणालीस म्हणून विचारत नाही. पण ताकाला जायचं तर भांडं पुढे कर.

रोज ऐकते. सकाळी एकदा लागतं, दुपारच्या कामगारांच्या कार्यक्रमात लागतंच. "झाला" खालून येतो. हवा जास्त, सूर थोडा. म्हणजे सूर आहे, पण तो मागे उभा राहिला आहे, पाहुण्यांच्या मागे घरचा माणूस उभा राहतो तसा. श्वास मोठा नाही. तो घेताना ओठ मिटलेले नाहीत. इतर कुठे असं नाही, आणि म्हणूनच इथे ते लागतं. तोपर्यंत बाई गात असतात. तिथे त्यांना काहीतरी कळतं. आपल्यासमोर कळतं. उशीर झाला हे त्यांना त्या क्षणापर्यंत खरंच माहीत नव्हतं, असं वाटतं. याहून नेमकं मला येत नाही.

आता माझं उत्तर. तू वाट बघते आहेस हे मला दिसतं, मी आंधळी नाही. ती संध्याकाळ घेऊ नकोस. गळा उत्तम आहे, तालीम आहे, कान तयार आहे. पण असा एक श्वास जोवर तुझ्यापाशी नाही, तोवर स्वतःच्या नावाने उभी राहिलीस तर लोक टाळ्या वाजवतील आणि घरी जाऊन बाईंनाच ऐकतील. कठोर आहे. गोड बोलू नकोस असं तूच लिहिलंस.

आत्या

२३ ऑक्टोबर

आत्या,

ती मी आहे.

डमी बाईंसाठीच होती. सांगायला बंदी आहे, सांगते आहे. गेल्या चार वर्षांत बाईंची गाणी आधी मी गायले आहे. धुलाईच्या दुकानात कपड्यांची वाट बघत होते, तिथे ते लागलं. यंत्राच्या घरघरीत पहिलं कडवं नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्यात "उशीर" आला, आणि मग माझा श्वास आला. माझी सर्दी, माझा संपलेला दम. "झाला" जिथे पडला होता तिथेच पडला. मी चादरी न घेताच बाहेर आले.

बाई दोन वर्षं आजारी आहेत, स्टुडिओत त्यांना कुणी बघितलेलं नाही. मला कळत होतं पण खात्री नव्हती, म्हणून तुला विचारलं. तू लिहिलंस, ओठ मिटलेले नाहीत. नाक बंद होतं, आत्या. ओठ मिटले असते तर मेले असते.

म्हणजे त्यांनी पुसलंच नाही. माझ्यावर बाईंचं नाव चिकटवून बाजारात आणलं. मला त्याचा राग यायला हवा. येत नाही. तू गॅस बंद केलास. खुर्चीवर बसलीस. एका मुलीला घरी पाठवलंस. माझ्यासाठी. असा श्वास माझ्यापाशी नाही म्हणतेस, तर तो कुणाचा होता?

व्यवस्थापकाला हो सांगून आले. त्याने तारीख लिहून घेतली, डिसेंबरमधली.

बारकी

९ नोव्हेंबर

बारके,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र ओट्यावर पडून होतं. उलटं ठेवलं होतं.

खरं लिहायचं तर लिहिते. पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाणं लागलं. मी गॅस बंद केला, खुर्चीवर बसले, सगळं तसंच केलं. मला ऐकू आली सर्दी. नाक चोंदलेली नऊ वर्षांची बारकी, जिला आम्ही गरम पाण्याच्या वाफेखाली धरायचो. "झाला"च्या आधी दम संपला हे स्वच्छ ऐकू आलं. त्या मुलीला मी घरी पाठवलं होतं, ती बरोबर होती. पहिल्या कडव्यातही दोन जागा मला घसरल्यासारख्या वाटल्या. आधी त्या कशा सुटल्या, कळत नाही.

मी पुन्हा ऐकलं. रोज ऐकते आहे. तो शब्द आता किल्लीसारखा येत नाही. हातातून सुटल्यासारखा येतो.

माझा राग तुझ्यावर नाही. आयुष्यभर मी एका कानावर जगले. लोक म्हणायचे, हिला विचारा, हिला कळतं. आता वाटतं, तो कान नव्हता, नुसती भक्ती होती. आणि तुझ्या बाबतीत तर तो उघडतच नसावा. तुला मांडीवर घेऊन झोपवलं, त्या आवाजात मला तूच ऐकू येतेस, आवाज ऐकू येत नाही.

सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. वाटतं मात्र.

बाईंनी असं कसं होऊ दिलं, हा प्रश्न बाजूला ठेवते. त्याचा विचार केला की रेडिओ बंद करावा लागतो.

आत्या

२० नोव्हेंबर

आत्या,

तुझ्या पत्रानंतर मी कापसाकडे गेले. डोकं फिरलं होतं. म्हटलं, मला माझं ते गाणं ऐकायचं आहे. दुकानातल्या भोंग्यावर नाही, नीट. त्याने कानातले बोळे काढले आणि विचारलं, तुझं कुठलं?

मी सांगितलं. मग त्याने दार लावलं आणि दोन्ही लावून दाखवली. आधी माझं, जे त्याने अजून पुसलं नव्हतं, मग बाजारातलं.

त्या बाईच आहेत, आत्या. मी नाही.

सप्टेंबरच्या शेवटी त्या एका सकाळी आल्या. सोबत फक्त गाडीवाला, त्याने त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी माझी डमी लावायला सांगितली. पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्या कडव्याचा शेवट तेवढाच परत परत लावून घेतला. कापसाने माफी मागितली, म्हणाला, तिथे मुलीचा दम संपला आहे, तुम्ही नेहमीसारखं एका दमात घ्या. बाई म्हणाल्या, "तिला काय सापडलंय ते तिला कळलेलं नाही. मला कळलं." आणि गायल्या. एकदाच.

मी शेजारी शेजारी ऐकलं. माझ्यात श्वास संपतो, म्हणून मी थांबते. त्यांच्यात श्वास शिल्लक आहे. ऐकू येतो, भरलेला. तरी त्या थांबतात. बाकी सगळं तसंच, उघडे ओठसुद्धा. आणि तरी माझ्या ठिकाणी एक मुलगी चोरून हवा घेते, आणि त्यांच्या ठिकाणी एका बाईला कळतं की उशीर झाला. तू पहिल्यांदा लिहिलंस ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

मी चुकले कशी, ते सांगते. मी बाईंची नक्कल इतकी नेमकी करते की आवाजावरून मला आम्हा दोघींत फरक करता येत नाही. श्वास तेवढा माझा होता. त्यावरून मी ओळखलं. बाई तो घेतील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आपल्या चुकीवर कुणाची नजर जाईल असं कुणाला वाटतं.

आणि तू. तू रोज बाईंनाच ऐकत होतीस. त्यांना सर्दी नव्हती. त्या घसरलेल्या दोन जागा बाईंच्या आहेत. हे मी खवचटपणे लिहिणार होते, तसं दोनदा लिहून फाडलं. आता नुसतं सांगते.

आणखी एक. बाईंनी जाताना कापसाजवळ निरोप ठेवला होता, तो द्यायचा विसरला होता. पुढची डमी करताना तिला म्हणावं, माझ्यासारखं गाऊ नकोस. मी कशी गाते ते मला माहीत आहे.

पुढचं गाणं आलं आहे. मी अजून गेलेले नाही. माझ्यासारखं म्हणजे कसं, हे मला माहीत नाही. सापडलं तर त्या ते घेणार. संध्याकाळ पाटीवर लागली आहे, नाव बरोबर लिहिलं आहे. खोलीत चालते. घरमालकिणीने खालून छताला काठी वाजवली.

सांग. आता तरी सांग.

बारकी

२६ नोव्हेंबर

बारके,

तुझं पत्र वाचून मी हसले. एकटीच. खालून औषधवाला बघायला आला.

पहिल्यांदा मी बरोबर ऐकलं असं तू म्हणतेस. ते मला मान्य नाही. निवेदिकेने नाव घेतलं तेव्हाच मी बसायला खुर्ची ओढली होती. दुसऱ्यांदा मी तुझ्या नाकात अडकले. गाणं एकच, रेडिओ एकच. पहिल्यांदा नावाने ऐकलं, दुसऱ्यांदा नात्याने. मधे कुठेतरी आवाज होता.

तेव्हा सांगण्यासारखं हे. तू चुकीच्या माणसाला विचारते आहेस. जगात जो एक माणूस तुला ऐकू शकत नाही, ती मी. जिन्यात बोलले तेही माझ्या कानाने बोलले, आणि त्या कानाचं काय झालं ते तू बघितलंस. ते वाक्य परत घेत नाही, कारण ते खरं की खोटं हे मला माहीत नाही. पण तू ते वाहू नकोस. ओझं माझं आहे.

संध्याकाळला मी येणार नाही. तिकीट काढलं होतं, परत केलं. आले तर तू माझ्या तोंडाकडे बघून गाशील आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून ऐकेन. दोघींचंही वाटोळं. शंभर परकी माणसं असू देत. त्यांनी तुला मांडीवर घेतलेलं नाही.

बाई घेतील म्हणून घाबरू नकोस. घेण्यासारखं असणं ही काही लहान गोष्ट नाही.

आत्या

१७ डिसेंबर

आत्या,

झालं ते. चांगलं झालं की वाईट, हे कुणी विचारलं तर सांगता येत नाही.

पहिली तीन गाणी मी ओळखीच्या आवाजांत गायले. ठरवून नाही, तोंड उघडलं की कुणीतरी बाहेर यायचं. खालून पंप चालू होता. चौथ्या गाण्याला मी हात मागे बांधले आणि हलायचं थांबले. बाहेर आला तो आवाज मला आवडला नाही. पातळ आहे. खाली जाताना खरवडतो, वर जाताना घाई करतो. मला तो थांबवावासा वाटला, पण थांबवला असता तर दुसरं कुणीतरी आलं असतं, म्हणून चालू दिला. शेवटपर्यंत. दोघं जण उठून गेले, एकाने जाताना खुर्ची आपटली. बाकीचे बसले होते. टाळ्या उशिरा आल्या. कळेना, संपलं की नाही अशा.

नंतर एक म्हातारी पायऱ्यांपाशी थांबली होती. तिने विचारलं, ते चौथं आणि नंतरची, ती मुळात कुणी गायलेली? तिला कुणाची तरी आठवण येत होती, नाव सुचत नव्हतं. मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, छे, तसं नाही, आधी कुणी? मी म्हटलं, आधी कुणी नाही. तिचा विश्वास बसला नाही. माझाही धड बसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंची डमी गायले. त्याच पातळ आवाजात, घाईसकट. कापसाने मान वर केली नाही, पण पुन्हा घेऊ का, असंही म्हणाला नाही. बाई मंगळवारी येणार आहेत. मी काचेच्या मागे बसायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. माझ्यातलं काय त्या उचलतात आणि काय तिथेच सोडून देतात, ते मला बघायचं आहे. त्यांचा कान माझ्यापेक्षा बरा आहे, आणि त्यांचं माझं काही नातं नाही.

कापसाने त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग केलं आहे. माझ्याकडे आहे. तुला पाठवत नाही. मागू नकोस.

बारकी